तीन उशीर

मी सात-आठ वर्षांचा असेन. माझी आपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, टेंभुर्णीला आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण म्हणाली, "माझ्या हातचं नाही, हिला जालन्याला न्या." पण अब्बा बाजाराला गेलेले. ते आल्याशिवाय ठरवणार कोण? दिवेलागणीला अब्बा आले, मग बैलगाडी जुंपली. दवाखान्यात पोहोचलो, तर डॉक्टर जागेवर नव्हते. आपा गेली, बाळही गेले. अम्मी पुढे जन्मभर म्हणायची, "मला कळत होतं रे, पण मला विचारतंय कोण?"

मातामृत्यूचा अभ्यास करणारे यालाच 'तीन उशीर' म्हणतात. न्यायचे ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. तिथे घरधन्याची वाट पाहायला वेळ नसतो.

दुसरा आणि तिसरा उशीर सरकार कमी करू शकते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशाताई आल्या. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची गाडी धावू लागली. २०१८ ते २०२० या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. पहिला उशीर मात्र आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे.

तो कसा मोडावा, हे जामखेडने दाखवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यायचे, अशी पद्धत. कित्येक जणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, बाळाचे वजन हे त्या शिकल्या. जिला घरात कोणी विचारत नव्हते, तिला गाव विचारू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे. ३९ गावांत नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत फेऱ्या घालते, त्याचे मूळ इथे आहे.

ती आली की तिचे ऐकावे. आपण गाईच्या चिकाचा खरवस चवीने खातो आणि आईचे पहिले पिवळसर दूध मात्र कित्येक घरांत पिळून टाकतो. खरे तर बाळाची ती पहिली लसच!

गेल्या वर्षी माझ्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. मुलगा बाहेरगावी. मी अंधारात चपला शोधत होतो, तोवर तिने स्वतःच १०८ ला आणि आशाताईला फोन लावला होता. मला विचारले नाही. नात सुखरूप घरी आली.

अम्मी असती, तर तिला सांगितले असते, आता विचारावे लागत नाही. तुमच्या घरात असा फोन कोण लावते, एवढे आज घरी विचारून पाहा.