घरचं पिंप आणि सामायिक नळ

२०२३च्या पावसाळ्यातली गोष्ट. तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मी मालाच्या नोंदींचा प्रोग्रॅम केला होता. पालघरला माझ्या संगणकावर तो महिनाभर सुरळीत चालला. पेन ड्राइव्ह खिशात टाकून बोईसरला उतरलो, कारखान्यात गेलो, तर तो सुरूच होईना. पडद्यावर एकच तक्रार : सामायिक लायब्ररी सापडत नाही. बाहेर टेम्पो भरून उभा, आणि स्टोअरकीपर माझ्या तोंडाकडे बघतोय!

ही लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. काही कामं अनेक प्रोग्रॅमना लागतात. मराठी नावं अक्षरांच्या क्रमाने लावणं हे असंच एक काम. ते 'आयसीयू' नावाची लायब्ररी करते. ती संगणकावर एकदाच ठेवायची आणि सगळ्यांनी वापरायची. अशा लायब्ररीच्या नावामागे एक क्रमांक असतो. जुन्या प्रोग्रॅमशी जुळणार नाही असा बदल आत झाला, की तोही बदलतो. माझ्याकडे डेबियन १२ होतं, म्हणजे आयसीयू ७२. कारखान्यात डेबियन ११, म्हणजे ६७. मी ६७लाच ७२ हे नाव देऊन पाहिलं! उपयोग शून्य, कारण आयसीयूच्या आतल्या कामांच्या नावांनाही तोच क्रमांक चिकटलेला असतो.

सोपी वाट एक होती : माझी ७२ची प्रत प्रोग्रॅमसोबतच देऊन टाकायची. पुष्कळजण हेच करतात. पण आमच्या भागात सूर्या नदीचं पाणी नळाने येतं, त्याचा विचार करा. पाण्यात दोष निघाला आणि तो मुळाशी दूर केला, तर नळाला चांगलं पाणी येईल. पिंपात भरून ठेवलेलं मात्र तसंच राहील. मार्च २००२मध्ये 'झेडलिब' या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला, तेव्हा नेमकं हेच झालं. सामायिक प्रत वापरणाऱ्यांचं एका दुरुस्तीत भागलं. ज्यांनी पोटात स्वतःची प्रत ठेवली होती, ते प्रोग्रॅम एकेक करून शोधावे लागले.

सामायिक नळही निर्धोक नसतो, हेही सांगितलं पाहिजे. मार्च २०२४मध्ये 'एक्सझेड'च्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचं उघड झालं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती शोधली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोहोचली नव्हती, म्हणून थोडक्यात निभावलं. तरीही मी नळाच्याच बाजूचा.

त्या दिवशी हात हलवत घरी आलो. दुसऱ्या संगणकावर डेबियन ११ चढवलं, त्यावर प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि या वेळी त्याचं रीतसर पॅकेज केलं. डेबियनचं एक साधन प्रोग्रॅम तपासून लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी स्वतःच पॅकेजवर लिहितं. मग बसवतानाच संगणक कमी असेल ते आणतो. मिळत नसेल तर दारातच अडवतो. टेम्पो खोळंबण्यापेक्षा ते बरं.

पुढे कारखान्याने डेबियन १२ घेतलं. पुन्हा बांधणी आली. मी मात्र निघण्यापूर्वी स्टोअरकीपरला फोन केला, "दादा, तुमच्याकडे आता कितवं आहे, तेवढं बघून सांगता?"