गावकऱ्यांनी मोडलेलं बंड

इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीचा राज्याभिषेक 13 ऑक्टोबर 1399 रोजी झाला. 17 डिसेंबरला वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीच्या घरी काही बडे उमराव गुपचूप जमले आणि नव्या राजाला त्याच्या मुलांसकट संपवायचा बेत त्यांनी आखला. जमलेल्यांत कोण होतं? राजाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, हंटिंग्डनचा अर्ल जॉन हॉलंड. राजाचा चुलतभाऊ, रटलंडचा अर्ल एडवर्ड. शिवाय हॉलंडचा पंचविशीतला पुतण्या, केंटचा अर्ल. सॉल्झबरीचा अर्ल जॉन माँटॅग्यू. आणि लॉर्ड डिस्पेन्सर. बाहेरून कोणी आलं नव्हतं, बहुतांशी भाऊबंदकीच होती.

हेन्रीनं गादी मिळवली होती ती दुसऱ्या रिचर्डला उतरवून. हेन्री हद्दपारीत असताना त्याच्या वडिलांची प्रचंड जहागीर रिचर्डनं गिळली. ती परत मागायला म्हणून हेन्री आला आणि मुकुट घेऊनच थांबला. कटवाले सगळे रिचर्डची माणसं. 1397 मध्ये रिचर्डनं आपल्या जुन्या विरोधकांचा काटा काढला, तेव्हा आरोप करायला हेच पुढे होते. बक्षीस म्हणून त्यांतले तिघे अर्लचे ड्यूक झाले, जप्त जहागिरी वाटून मिळाल्या. हेन्रीच्या पहिल्या पार्लमेंटमध्ये अनेकांनी त्यांचं डोकंच मागितलं होतं. हेन्रीनं फक्त नव्या पदव्या आणि नव्या जमिनी काढून घेतल्या. दरबारात येणंजाणं चालूच राहिलं. ही उदारता की हिशेब, कोण जाणे. पण दुखावलेली माणसं त्यानं हाताशीच ठेवली.

बेत नाताळातला होता. 6 जानेवारीला एपिफनी, म्हणजे गोव्यात आजही ज्याचं फेस्त होतं तो तीन राजांचा सण. त्या निमित्तानं विंडसरच्या किल्ल्यात द्वंद्वाचे खेळ ठेवायचे, त्या आडोशानं माणसं आणि हत्यारं आत न्यायची आणि राजाला गाठायचं. रिचर्ड तिकडे दूर उत्तरेत, पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदेत. त्याची उणीव भरून काढायला रिचर्डसारखाच दिसणारा मॉडलिन नावाचा एक पाद्री कटवाल्यांकडे होता. तोतया जवळ बाळगावा लागतो, यावरूनच त्यांची बाजू किती पोकळ होती ते कळतं.

4 जानेवारीला हेन्रीला सुगावा लागला. रटलंडनं फितुरी केली असं परंपरा सांगते; शेक्सपिअरनं रटलंडच्या बापाच्या हाती कटाचा कागद लागल्याचा प्रसंग रंगवलाय तो त्यावरूनच. हेन्री मुलांना घेऊन तडक लंडनला पोचला आणि फौज जमवू लागला. काही शे स्वार घेऊन बंडखोर विंडसरला धडकले, तेव्हा पाखरू उडालेलं होतं.

खरा निकाल इथून पुढे लागला. केंट आणि सॉल्झबरी पश्चिमेकडे निघाले. वाटेत सॉनिंगला रिचर्डची दहा वर्षांची राणी इझाबेल होती. तिला त्यांनी सांगितलं की रिचर्ड सुटलाय, हेन्री पळालाय. वाटेतल्या गावांनाही बहुधा हेच ऐकवलं असणार. पण लोक उठले नाहीत. या सरदारांच्या नव्या जमिनी राजकृपेनं आल्या होत्या आणि तशाच गेल्याही होत्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची कुळं, हाक मारताच धावून येणारी माणसं त्यांच्याकडे नव्हतीच. पदवी राजा देऊ शकतो, पायाखालची जमीन देऊ शकत नाही.

सिरेन्सेस्टर हे लोकरीच्या व्यापारावर पोसलेलं गाव. तिथे ते मुक्कामाला उतरले, तेव्हा गावकऱ्यांना संशय आला. त्यांनी मुक्कामाची जागा घेरली, रात्रभर बाणांचा मारा केला आणि सकाळी उमरावांनी शरणागती पत्करली. त्यांना मठात ठेवलं. राजाचा हुकूम येईपर्यंत ते जगलेही असते. पण गावात आग लागली. त्यांच्याच एका पाद्र्यानं सुटकेसाठी लावली, असं म्हणतात. गावकरी खवळले, दोन्ही अर्लांना बाहेर ओढून त्यांनी त्यांचा शिरच्छेद केला. खटला नाही, न्यायाधीश नाही. यातला सॉल्झबरी स्वतः कवी. फ्रेंच लेखिका क्रिस्टीन द पिझाँचा मुलगा त्याच्याच घरी वाढत होता.

डिस्पेन्सरलाही ब्रिस्टलच्या जमावानं असंच संपवलं. हंटिंग्डन एसेक्समध्ये पकडला गेला आणि प्लेशीला मारला गेला. 1397 मध्ये रिचर्डनं आपल्या काकाला, ग्लॉस्टरच्या ड्यूकला, जिथे अटक केली ते हेच प्लेशी. जागा योगायोगानं निवडली गेली असेल, असं मला वाटत नाही. उरलेल्यांचे खटले ऑक्सफर्डला झाले. मॉडलिनला फाशी झाली.

बंडाची सर्वांत मोठी किंमत रिचर्डनं मोजली, आणि त्याला कदाचित कटाची खबरही नसेल. तो जिवंत आहे तोवर त्याच्या नावानं कोणीही उठेल, हे आता हेन्रीच्या सल्लागारांना कळून चुकलं. फेब्रुवारीतल्या त्यांच्या बैठकीच्या नोंदीत मासलेवाईक वाक्यरचना आहे: तो जिवंत असेल तर पक्क्या बंदोबस्तात ठेवा, मेला असेल तर लोकांना उघड दाखवा. त्या महिन्यातच तो मेला, बहुधा उपासमारीनं, आणि प्रेत लंडनला आणून लोकांना दाखवलं गेलं. ज्याला सोडवायला बंड झालं, त्याच्या मरणाचं कारण ते बंडच ठरलं.

सिरेन्सेस्टरला हेन्रीनं हरणं आणि वाईन इनाम दिली, बायकांचा वाटा वेगळा काढून. 'रिचर्ड दुसरा' नाटकाच्या शेवटच्या अंकात मात्र या गावाचा उल्लेख येतो तो बंडखोरांनी जाळलेलं गाव म्हणून. बंड मोडणारे गावकरी त्यात नाहीत. पुढच्या वेळी ते नाटक हातात घ्याल, तेव्हा ही गाळलेली बाजू स्वतः भरून वाचा.