परसबागेतील अनोळखी झाडांची पारख

मृगाचा पाऊस स्थिरावून आठ-दहा दिवस झाले, की माजिवड्याच्या जुन्या गावठाणातील परसांत, विहिरींच्या कडेला आणि नव्या इमारतींच्या कुंपणांलगत कोणीही न पेरलेली रोपे डोके वर काढू लागतात. या गावाच्या एका अंगास खाडीकडील सखल जमीन आणि दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर असल्यामुळे दोन्हीकडचे बी येथे येऊन पडते. काही वाऱ्याने येते, काही पक्ष्यांच्या विष्ठेतून येते, तर बरेचसे भरावाच्या मातीबरोबर मालमोटारींतून येते. ठाणे महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. पुढे भातखाचरांच्या जागी वस्ती वाढली, तरी पावसाळी रानभाजी खुडण्याची सवय येथील घरांतून गेलेली नाही. ती जाऊ नये असेच आमचे मत आहे. तथापि ज्याला झाड ओळखता येत नाही त्याने ते खुडू नये, हा नियम आपल्या आजीला जितका पाळावा लागत असे त्याहून आज अधिक काटेकोरपणे पाळावयास हवा. कारण झाड दाखवून शिकविणारे वडीलधारे माणूस आता प्रत्येक घरी असतेच असे नाही.

टाकळ्याचे उदाहरण घ्यावे. पहिल्या पावसानंतरची टाकळ्याची कोवळी पाने ठाणे जिल्ह्यात आवडीने खाल्ली जातात. देशावर यालाच तरवटा, तर विदर्भाकडे तरोटा म्हणतात. त्याच्याच कुळातील कासविंदा हे झुडूप त्याच वेळी, त्याच उकिरड्यावर उगवते, आणि काही ठिकाणी त्याला रानटाकळा असेही नाव आहे. नावाच्या या सारखेपणानेच घोटाळा होतो. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुले एकाएकी आजारी पडून दगावत असत आणि हा मेंदूचा साथीचा ज्वर असावा असे समजले जात असे. कासविंद्याच्या शेंगांतील बिया मुलांनी खेळता खेळता खाल्ल्यामुळे यकृत, स्नायू व मेंदू यांवर परिणाम होऊन ही मुले दगावत होती, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसून आले.

या दोहोंतील भेद पाहावयास भिंगाची गरज नाही. टाकळ्याच्या एका पानावर पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिकेचे टोक गोलसर, देठापेक्षा टोकाकडे रुंद असते. कासविंद्यास चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकाशी निमुळत्या होतात. पान चुरगळल्यास उग्र व नकोसा वास येतो. पुढे शेंगा धरल्यावर तर चूक होण्याचे कारणच उरत नाही. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकलेली असते, कासविंद्याची चपटी असून तिच्या कडा फिकट असतात. ज्या अंगणात मुले खेळतात तेथील कासविंदा फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावा.

असाच दुसरा घोटाळा फोडशी आणि कळलावी यांचा होऊ शकतो. फोडशीची, म्हणजेच कुलीची, सर्व पाने जमिनीतून एका झुबक्यात निघतात. तिला पानांचे खोड नसते. कळलावीला उभे, पुढे वेलासारखे चढणारे खोड असून त्यावर पाने येतात आणि वरच्या पानांचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते. खालच्या पानांस हे वळण नसते, म्हणून नेहमी शेंड्याची पाने तपासावी. श्रावण-भाद्रपदात येणारी तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले पाहून अनेक जण हौसेने कंद परसात आणून लावतात. त्यास हरकत नाही. परंतु नांगराच्या आकाराचा हा कंद अत्यंत विषारी आहे आणि तो कणगर अथवा रताळे समजून खाल्ल्यास प्राणावर बेतते. तेव्हा कंदभाज्यांच्या वाफ्यात कळलावीला जागा देऊ नये.

शेवळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ते विषारी नव्हे, पण त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्याने घसा खाजतो. म्हणूनच आपल्याकडे ते काकडाच्या फळांबरोबर किंवा चिंच, कोकम यांसारख्या आंबटाबरोबर शिजविण्याची चाल पडली आहे. अळूच्या बाबतीतही हेच. सांडपाण्याच्या नाल्यालगत वाढलेले अळू मात्र कितीही ओळखीचे असले तरी घेऊ नये.

उकिरड्यावर आपोआप उगवलेला दुधीचा वेल हे तिसरे प्रकरण. असा वेल घरच्या दुधीचाच असेल असा भरवसा नसतो, आणि त्याचे फळ दिसण्यात चांगले असूनही कडू निघू शकते. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका गृहस्थांचा मृत्यू झाला होता. फळ चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडवट लागल्यास थुंकून टाकावा व संपूर्ण फळ फेकून द्यावे. गूळ किंवा मीठ घालून कडूपणा झाकता येतो, पण विष जात नाही.

गुळवेलीविषयी अलीकडे फार विचारणा होते. महामारीच्या काळात घरोघरी तिचा काढा घेतला गेला आणि २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी अशा काढ्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने, रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती काय, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नव्हती ना, असा प्रश्न उपस्थित केला. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती व गुळगुळीत असते, खोडाची पातळ करडी साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा भाग दिसतो. तिच्या एका भावंडाच्या खोडावर ठळक गाठी असतात, तर दुसऱ्याची पाने लवदार असतात. परंतु ओळख बरोबर ठरली म्हणजे औषध निर्धोक ठरले असे मानू नये. यकृताचा विकार असलेल्याने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून ती मुळीच घेऊ नये.

आता अनोळखी झाड समोर आल्यास पाहावे काय? प्रथम पाने खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहावे. मग पान साधे आहे की टाकळ्याप्रमाणे अनेक पर्णिकांचे, हे ठरवावे. देठ मोडून चीक येतो का ते पाहावे. रुई, चाफा, पिवळी कण्हेर ही चिकाची झाडे होत, आणि असा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. खोड चौकोनी, पाने समोरासमोर व सुवासिक असल्यास झाड बहुधा तुळशीच्या कुळातील असते. गवतासारख्या दिसणाऱ्या रोपाचा दांडा बोटांत फिरवून पाहावा. तो तीनधारी लागला तर ते गवत नसून लव्हाळा आहे. ही शेवटची खूण जाणणाऱ्याचे पुष्कळ श्रम वाचतात. गवत उपटून निघते, लव्हाळा वरून उपटल्यास जमिनीतील गाठी तुटून तेथेच राहतात व पुन्हा फुटतात. त्याच्या गाठी माती खणून वेचाव्या लागतात आणि नवा फुटवा दिसताच पुन्हा वेचाव्या लागतात.

एवढ्याने निर्णय न झाल्यास नमुना जाणत्याकडे पाठवावा. नुसते एक पान पाठविल्याने कोणाचेही समाधान होत नाही. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, फूल व शक्य तर फळ असलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवावी व पावसाळ्यात कागद दररोज बदलावा, नाहीतर नमुना बुरसतो. सोबत गाव, तारीख, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि लोक त्याला काय म्हणतात हे लिहावे. वाळल्यावर रंग जातो, म्हणून ही टीप महत्त्वाची. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढावयाची असल्यास संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडास जेथे जुळते तो सांधा, फूल व फळ अशी निरनिराळी काढावी. छायाचित्रावरून नाव सांगणारी साधने शोभेच्या झाडांपुरती उपयोगी पडतात. खावयाच्या झाडाचा निर्णय त्यांवर सोपवू नये. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुणे येथील कार्यालय आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह ही या विषयातील जाणती ठिकाणे होत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ अद्यापही अभ्यासकांच्या हाताशी असतो, त्यात झाडांची मराठी नावेही दिलेली आहेत.

एखाद्या मुलाने बिट्टीच्या म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, मोगली एरंडाच्या किंवा गुंजेच्या बिया खाल्ल्याचे कळल्यास ओळख पटविण्यात वेळ दवडू नये. घरी ओकारी करविण्याचा प्रयत्न न करता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि झाडाची फांदी व उरलेल्या बिया बरोबर न्याव्या.

पुष्कळदा अनोळखी झाड आपल्या झाडावरच असते. आंब्याच्या एका फांदीस जाड, चिवट, निराळीच पाने आलेली दिसतात. ते बांडगूळ होय. त्याचे चिकट बी लहान पक्षी एका फांदीवरून दुसरीवर नेतात. नुसते बांडगूळ ओढून काढल्यास त्याचे मूळ फांदीतच राहते. म्हणून फळे पिकण्यापूर्वी ते ज्या जागी चिकटले असेल तिच्या सुमारे एक फूट खालून फांदीच कापावी. गुलाबाच्या कलमाला एकाएकी निराळी पाने व निराळी फुले आल्यास कोणी करणी केलेली नसते. कलमाच्या सांध्याखालून खुंटाचा फुटवा जोर धरून आलेला असतो. तो मुळाशी काढून टाकावा.

वेलभाज्या फुलतात पण फळ धरत नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात येते. दुधी, काकडी, पडवळ यांस आधी नरफुले येतात व मागाहून मादीफुले. मादीफुलाखाली इवलेसे फळ आधीपासून दिसते. तेव्हा थोडी वाट पाहावी. कर्टोलीत मात्र नर व मादी वेलच निराळे असतात. बागेत सगळे नर असल्यास जन्मभर खत घातले तरी कर्टोली लागणार नाही. सुमारे दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो, आणि मादी वेलाचे कंद लावून वाढ केल्यास फसगत होत नाही.

माजिवड्याच्या बागांतील पिवळेपणाचे कारण बहुधा पायाखाली असते. येथे बऱ्याच ठिकाणी मूळ मातीवर इमारतींच्या राडारोड्याचा भराव आहे. त्यातील चुना-सिमेंटामुळे माती विम्ल होते आणि झाडास लोह मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याउलट जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव समजावी. पहिल्या प्रकारात युरिया घालून उपयोग नाही. वरचा भराव एक-दीड फूट काढून तेथे शेतमाती व कुजलेले शेणखत भरावे. पानांच्या कडा करपल्या व मातीवर पांढरा थर आला तर खाडीच्या बाजूच्या विहिरीचे उन्हाळी पाणी खारट झाले असावे. अशा वेळी माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे. वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पडणारा येथील पाऊस हे क्षार धुऊन नेतो; मात्र पाण्याला चर काढून वाट करून दिली तरच. चर नसेल तर त्याच पावसाने मुळे कुजतात, आणि मुळे कुजलेले झाडही पिवळेच दिसते.

पपईवर व जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. पपईवरील परदेशी जातीचा पिठ्या ढेकूण आपल्या देशात प्रथम २००८ साली आढळला, व २०१० मध्ये त्याचा नाश करणारे बारीक परोपजीवी कीटक बाहेरून आणून सोडण्यात आले. त्या कीटकांनी काम चोख केले. दिसताच जहाल औषध फवारणारा बागवान प्रथम या मित्रांनाच मारतो. थोड्या झाडांवर पाण्याचा जोरदार झोत व साबणाचे सौम्य पाणी पुरते.

आफ्रिकेतील मोठी गोगलगाय पावसाळ्यात रात्री रोपे फस्त करते. संध्याकाळी बागेत ओली गोणपाटे पसरून ठेवावी आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्या. त्या उघड्या हाताने धरू नयेत, त्यांच्या अंगी माणसास अपायकारक जंत असू शकतात. मीठ वाफ्यात मात्र कधीही फेकू नये. अशा बागेतील कच्ची पालेभाजी नीट धुतल्यावाचून खाऊ नये.