टाच, शिडी आणि ज्योत

घट बसायच्या आधीचा आठवडा गावाकडच्या आमच्या घरात कुणी रिकामं बसलेलं चालत नाही. माळ्यावरचे डबे खाली येतात, गोधड्या-वाकळा धुवायला निघतात, कोपऱ्याकोपऱ्यातल्या जाळ्या निघतात. गेल्या वर्षी त्यात पुढच्या खोलीला रंग द्यायचं निघालं. आणि मी नेमका टाच धरून बसलो होतो.

ऑगस्टभर साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनची तयारी केली होती. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेने उतरायचं, एकूण २१ किलोमीटर. चढाच्या सरावाच्या नादात पोटरीकडे दुर्लक्ष झालं. शर्यत झाली, पदक मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवताच टाचेच्या वर मागे कुणीतरी चिमटा काढला. मग पाच-सात पावलं लंगडत, पुढे ठीक. असं रोज. दुखणं माझं एकट्याचं, सल्ले मात्र गावभरातून. त्यातले बरेचसे सल्ले मीही पूर्वी इतरांना दिलेले आहेत, म्हणून त्यांची झाडाझडती घ्यायला मला हक्क आहे असं वाटतं.

“सहा आठवडे पाय हलवू नका”

ही टाचेमागची जाड शीर, डॉक्टरांच्या भाषेत अकिलिस, म्हणजे रक्ताची नळी नव्हे. पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधणारा तो दोर आहे. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो. दोर दुखावला की त्याला आराम द्यावा, हे ऐकायला अगदी रास्त वाटतं. अडचण अशी की हा दोर जिवंत आहे, आणि त्याला ताण मिळाला तरच तो स्वतःला पुन्हा घट्ट विणतो. ताण शून्यावर आणला की दुखणं थांबतं, पण दोर आणखी लेचापेचा होतो. म्हणून सहा आठवडे बसून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावणारा माणूस सातव्या आठवड्यात पुन्हा बसलेला दिसतो.

याची एक गोष्ट धावणाऱ्यांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच ही शीर दुखत होती. शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हटलं तर वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा शीर पुरती बिघडली म्हणजे तरी करतील, या हिशेबाने त्यांनी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार घालायला सुरुवात केली. शीर बिघडायची ती बरी झाली. पुढे १९९८ साली त्यांनी जुनं दुखणं असलेल्या १५ हौशी धावपटूंवर हाच प्रयोग करून निष्कर्ष छापले. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांच्या तीन फेऱ्या, वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा धावू लागले.

हे वाचून कुणी लगेच जिन्याकडे धावू नये. नंतरच्या अभ्यासांत आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन संथपणे केलेला व्यायामही तितकाच उपयोगी ठरला. आणि दुखणं शिरेच्या मधोमध नसून थेट टाचेच्या हाडाशी असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये, कारण तिथे शीर हाडावर चेपली जाते. माझं मधोमध होतं. फिजिओथेरपिस्टने बोटाने चाचपून ते दोन मिनिटांत ठरवलं.

दुखतंय तर किती चालवून घ्यायचं? दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. हा नियमही स्वीडनमध्येच तपासला गेला. तो अकिलिससारख्या शिरांच्या जुन्या दुखण्याचा आहे, सगळ्या दुखण्यांचा नाही. नडगीच्या हाडावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर तिथे धावणं बंदच. “एक्स-रे नॉर्मल आला” या वाक्यावर अशा वेळी फार विसंबू नये. ताणाने पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. आणि पोटरीवर मागून दगड बसल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहवेना, तर शीर तुटलेली असू शकते. त्या दिवशी फिजिओ नाही, दवाखाना.

“बर्फ लाव, गोळी घे, धाव”

बर्फाचा सल्ला सगळ्यांना पाठ आहे: विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच. हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली एका पुस्तकात मांडलं. पुढे साडेतीन दशकांनी त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबण्याची शक्यता आहे. नव्या दुखापतीत सूज ही दुरुस्तीची सुरुवात असते. बर्फाने ठणका कमी होतो हे खरं, तेवढ्यापुरता तो लावायला हरकत नाही. पण बर्फ म्हणजे उपचार नव्हे. शर्यतीआधी घेतलेली वेदनाशामक गोळी तर चक्क पहारेकऱ्याला झोपवते. दुखणं थांबत नाही, त्याची खबर थांबते. वर घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण पडतो तो वेगळाच.

“धावून धावून गुडघे झिजतात”

हे वहिनींचं. “भावजी, म्हातारपणी गुडघे कुठून आणणार?” २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. हौशीने धावणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के आढळली, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. मी कुठल्या गटात मोडतो हे वहिनींना शर्यतीतली माझी वेळ सांगितल्यावर लगेच कळलं.

“धावू नकोस म्हटलंय ना, मग रंग तरी दे”

आता घरकामाकडे. इथे दोन उलटसुलट गैरसमज एकाच घरात सुखाने नांदतात. एक, घरकाम म्हणजे काही व्यायाम नव्हे. दुसरा, घरकाम म्हणजे विश्रांतीच. पहिला जागतिक आरोग्य संघटनेनेच मोडीत काढला आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करावेत, हा तिचा सल्ला जुना. पण पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी काम हिशेबात धरत नसत. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. म्हणजे गच्चीवर ओल्या वाकळा नेणं, फरशी घासणं, माळा उतरवणं, सगळं जमेला धरता येतं. आमच्या घरातल्या बायकांना हे कळवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती इथे लिहीत नाही.

दुसरा गैरसमज मला महागात पडला. धावणं बंद होतं, म्हणून भिंती अंगावर घेतल्या. पहिल्या दिवशी पॉलिश पेपर, दुसऱ्या दिवशी पुट्टी, मग प्राइमर. टाच सुधारायच्या ऐवजी तिसऱ्या सकाळी दुप्पट दुखली. धावलो तर एक पाऊलही नव्हतो. मग आठवत गेलं. शिडीच्या बारीक पायरीवर चवड्यांवर उभं राहून छताची कड गाठत होतो, एका वेळी पाच-पाच मिनिटं. उतरताना दर वेळी तोच पाय आधी खाली. पुट्टीची २० किलोची गोणी खांद्यावर घेऊन जिना चढलो, तोही टाच हवेत ठेवून. आणि सगळं अनवाणी, कारण नवी फरशी खराब होईल. आल्फ्रेडसनचा व्यायाम मी दिवसभर करत होतो, फक्त बेहिशेबी.

शिरेला भाराशी मतलब असतो. तो शर्यतीतून आला की डिस्टेंपरच्या बादलीतून, हे ती विचारत नाही. त्यानंतर मी शिडी सोडून रुंद फळीचा घोडा घेतला, सपाट तळवा टेकवून उभा राहू लागलो, रोलरला लांब काठी लावली, जुने बूट चढवले आणि गोणी निम्मी-निम्मी केली. छताचं काम पुतण्याकडे गेलं. खालच्या भिंती मी बसून रंगवल्या. चार दिवसांत सकाळचं लंगडणं पुन्हा पूर्वीच्या मापावर आलं.

“दम टिकला की पाय तयार”

धावणाऱ्याला खरी भीती दुखण्याची नसते, दम जाईल याची असते. भीती अगदीच खोटी नाही. १९८४ सालच्या एका अभ्यासात सराव पूर्ण थांबवलेल्या सात कसलेल्या खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के घटली होती. पण ही घट पूर्ण थांबलेल्यांची. सायकल, पोहणं, खोल पाण्यात कमरेला तरंगपट्टा बांधून धावल्यासारखे पाय मारणं, यांनी दम चार ते सहा आठवडे जवळजवळ जसाच्या तसा राखता येतो. गावात तलाव नसेल तर सायकल आहेच.

त्याच १९८४ सालची जोन बेनॉइट आठवते. अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड मॅरेथॉनच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पाय चालेना तर तिने व्यायामाची सायकल हातांनी फिरवली. निवड शर्यत जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. ही कथा सांगताना मधला एक तपशील लोक गाळतात. शस्त्रक्रियेनंतर घाईने धावायला लागल्यावर गुडघा सांभाळण्याच्या नादात तिच्या दुसऱ्या पायाची मांडीमागची शीर दुखावली होती. दम सायकलवर टिकतो. जमिनीचे हादरे सोसायची सवय मात्र जमिनीवरच परत आणावी लागते, आणि ती दमापेक्षा सावकाश येते. दम तयार, पाय कच्चे, हा सगळ्यात धोक्याचा महिना.

“रिलेत काय, थोडंच तर धावायचं”

आमच्याकडे रिले म्हणजे ज्योत. घटस्थापनेच्या आदल्या रात्री पोरं तुळजापूरला जातात, मशाल पेटवून घेतात आणि उदो उदो करत आळीपाळीने धावत गावी आणतात. पुढे ज्योत, मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा, पलित्याची कापडं, भोंगा आणि आपली पाळी यायची वाट बघत दाटीवाटीने बसलेले वीसेक जण. पन्नासेक किलोमीटर. प्रत्येकाच्या वाट्याला सगळे मिळून अडीच किलोमीटर येतात. ऐकणाऱ्याला हसू येईल इतके कमी.

पण ते कसे येतात ते पाहा. तीनशे मीटर भन्नाट पळायचं, टेम्पोत चढायचं, घामेजलेल्या अंगाने अर्धा-पाऊण तास पाय दुमडून बसायचं, पुन्हा उडी मारून उतरायचं आणि पहिल्या पावलापासून भन्नाट. असं आठ वेळा. रात्री, थंड पडलेल्या पोटऱ्यांनी, बरेच जण नवस म्हणून अनवाणी. सवय नसताना अनवाणी धावलं की पाऊल चवड्यावर पडू लागतं आणि सगळा भार पोटरीवर व त्या शिरेवर येतो. बसून उठल्यावरची पहिली पावलं हीच दुखऱ्या शिरेची सगळ्यात वाईट वेळ, आणि रिलेत ती वेळ एकदा नाही, आठदा येते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९८२ पासून डोंगरापासून समुद्रापर्यंत अशीच सुमारे ३२० किलोमीटरची रिले होते. बारा जण, प्रत्येकी तीन टप्पे, मधला वेळ व्हॅनमध्ये. टेम्पो एसीचा आहे, एवढाच फरक.

शिवाय एकटा धावणारा थांबू शकतो, रिलेतला थांबत नाही. जपानमध्ये एकिदेन नावाच्या लांब पल्ल्याच्या रिले फार लोकप्रिय आहेत. तिथे बॅटनऐवजी अंगावरचा पट्टा पुढच्याच्या हाती द्यायचा असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये फुकुओकातल्या अशा एका शर्यतीत १९ वर्षांच्या रेई ईदाचं नडगीचं हाड मोडलं. शेवटचे दोनशे-तीनशे मीटर ती डांबरावर रांगत गेली, गुडघे रक्ताळले, पण पट्टा दिला. तिचं कौतुक झालं तसंच तिला थांबवलं का नाही, यावर तिथे मोठा वादही झाला. आपल्याकडे अशा चित्रफिती फक्त कौतुकासाठी फिरतात.

आणखी एक उदाहरण हमखास ऐकवलं जातं, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या मँटिओ मिचेलचं. ४ बाय ४०० रिलेच्या प्राथमिक फेरीत निम्म्या अंतरावर त्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलं, तरी त्याने फेरी पूर्ण केली आणि अमेरिका अंतिम फेरीत गेली. खरं आहे. पण मोडलं ते नडगीच्या बाजूचं बारीक हाड, ज्यावर शरीराच्या भाराचा अगदी थोडा वाटा असतो. मोठं हाड मोडलं असतं तर इच्छाशक्ती कितीही असो, तो तिथेच कोसळला असता. अंतिम फेरीत तो नव्हता. आणि काही दिवस आधी तो पाय घसरून पडला होता, तेही जिन्यावर.

गेल्या वर्षी मी ज्योतीबरोबर गेलो तो टेम्पोत तेलाचा डबा सांभाळायला. दर थांब्याला उतरून रस्त्याकडेला पाच मिनिटं चालत होतो, आणि दोघा-तिघांना बूट घालायला लावले. पहाटे गावच्या वेशीवर हलगी वाजायला लागली तेव्हा पुतण्याने मशाल पुढे केली. “काका, देवळापर्यंत तरी.” वेशीपासून देऊळ चारशे मीटर असेल, आणि हलगीच्या पुढे कुणी पळत नाही, सगळे नाचतच जातात. मशाल घेतली आणि चालीपेक्षा जरा जास्त अशा गतीने गेलो.

दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरून न्हाणीपर्यंतची लंगडती पावलं मोजली. चार. आदल्या सकाळीही चारच होती.