फ्रीझर गारठत नाही? थर्मोस्टॅट बदलण्याआधी एवढे पाहा

मालवण, कुडाळ, ओरोस या पट्ट्यात मासळी, आइसक्रीम व थंड पेयांचा धंदा करणाऱ्या अनेक बांधवांच्या फ्रीझरवर आता फिरकीच्या जुन्या थर्मोस्टॅटऐवजी आकडे दाखविणारी इलेक्ट्रॉनिक डबी असते. सोय मोठी आहे. पण थंडावा कमी झाला की सारा दोष त्या डबीवर येतो व मिस्त्री नवी डबी बसवितो. खरा दोष दुसरीकडे असेल तर पैसेही जातात आणि आतली सुरमईही.

जुन्या थर्मोस्टॅटमध्ये बारीक नळीतला वायू आकसला की स्विच तुटत असे. नव्यात तापमान ओळखतो वायरच्या टोकाचा छोटा सेन्सर, आणि कॉम्प्रेसरला वीज देतो डबीतला रिले. म्हणून आधी आकडा पाहावा, मग कॉम्प्रेसरचा आवाज ऐकावा.

कूलिंगचा दिवा लागला आहे, पण कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून थांबतो, असे असेल तर प्रथम व्होल्टेज मोजा. डबीला वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे दाब पडला तरी आकडे झळकत राहतात आणि आपली फसगत होते. वीज परत आल्यावर काही मिनिटे कॉम्प्रेसर सुरू होत नाही, हा बिघाड नव्हे. कॉम्प्रेसरच्या बचावासाठी ठेवलेला तो थांबा आहे. घाईने स्विच बंद-चालू केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यात कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. असा काळ गेल्यावर फ्रीझर लावताना हे ध्यानात ठेवावे.

आकडा उणे १८ दाखवितो आणि मासळी मात्र मऊ, तर सेन्सरवर संशय घ्यावा. तो गार नळीला चिकटला असेल तर कॉम्प्रेसर लवकर तुटतो. जागा ठीक असेल तर पेल्यात कुटलेला बर्फ व थोडे गोडे पाणी घालून त्यात सेन्सर बुडवा. काही मिनिटांत आकडा शून्याजवळ आला पाहिजे. मासळीचा खारट बर्फ चालणार नाही, त्याचे तापमान शून्याखाली जाते. एक-दोन अंशांचा फरक सेटिंगमधून काढता येतो. मीटर असेल तर नेहमीचा दहा किलोओहमचा सेन्सर २५ अंशांना तेवढाच, तर शून्याला सुमारे तिप्पट रोध दाखवितो. आपल्या खाऱ्या हवेत वायरीचे सांधे हिरवे पडतात. पावसाळी बंदीत बंद राहिलेल्या फ्रीझरचे सांधे तर आधी उघडून पाहावेत.

सेट केलेला आकडा गाठूनही कॉम्प्रेसर थांबत नसेल तर रिलेचे टोक चिकटले असावे. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून मोठ्या यंत्राला मधे कॉन्टॅक्टर घालणे बरे. आणखी एक गंमत: काही डब्या अंडी उबविण्याच्या पेटीलाही वापरतात. कोणी बटणे दाबून ती 'हीटिंग'वर नेली तर सगळे उलटे चालते!

कॉम्प्रेसर अखंड चालतो, तरी गारवा नाही, तर थर्मोस्टॅटला हात लावू नका. मागची जाळी धुळीने भरली असेल, आत बर्फाचा थर साचला असेल, किंवा गॅस कमी असेल. नव्या पुष्कळ फ्रीझरमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही गॅस असतो. पाटीवर तसे लिहिले असेल तर नळीजवळ गॅसबत्ती पेटवू नये. दुरुस्ती होईपर्यंत झाकण उघडू नये, आणि उशीर होणार असे दिसताच मासळी बर्फात हलवावी.