गुडघ्यातला 'प्ले'

साखर कारखान्यांची यंत्रं आणि अवजड गिअरबॉक्स बनवणाऱ्या वालचंदनगरात 'प्ले' म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. दोन भागांत थोडा प्ले हवाच, नाहीतर मशीन जाम होतं. जास्त झाला की लोड येताच दणके बसतात. गुडघ्याचंही तसंच आहे.

मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारा एक दोर म्हणजे एसीएल (अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट). नडगी पुढे सरकू द्यायची नाही, पिळू द्यायची नाही, हे त्याचं काम. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तरुणांचं एसीएल सरासरी २१६० न्यूटनला, म्हणजे साधारण २२० किलोच्या ओढीला तुटलं. इतका मजबूत दोर बहुतेक वेळा कोणाचा धक्का न लागताच तुटतो! खो-खोत खांबाला वळसा घेताना, कबड्डीत पाय रोवून गर्रकन फिरताना, उडीनंतर ताठ गुडघ्यावर उतरताना.

मग धोका कोणाला जास्त? वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या ८५९ कॅडेट्सवर चार वर्षं लक्ष ठेवून २००३ साली निष्कर्ष मांडले गेले. ज्यांचे सगळेच सांधे सैल, त्यांना धोका अधिक होता. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये मुलींना तो मुलांच्या दोन-तीन पट असतो.

सैलपणा मोजायला 'बायटन स्कोअर' आहे. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे वळणं, अंगठा हाताला टेकणं, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटा जाणं: प्रत्येक बाजूला एकेक गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी एक. एकूण नऊ. तरुणांत पाच किंवा जास्त म्हणजे सांधे सैल.

स्कोअर जास्त आला म्हणून खेळ सोडायचा का? मुळीच नाही! लिगामेंट आवळता येत नाही, पण मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू नडगीला मागे ओढून एसीएलचा भार वाटून घेतो. गुडघे वाकवून, आत न झुकवता उतरणं, एका पायावर तोल, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम हे नियमित केल्यास दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

सांगलीच्या स्मृती मानधनाचं एसीएल जानेवारी २०१७ मध्ये फाटलं. जूनमध्ये ती वर्ल्डकपमध्ये ९० धावा करत होती. पण सगळ्यांना असं जमत नाही. ऑपरेशननंतर सहसा नऊ महिने तरी जातात. इंदापूर-बारामतीकडे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुलीचं तेवढ्यात अख्खं वर्ष हुकतं. त्यापेक्षा सरावाआधीची रोजची पंधरा मिनिटं स्वस्त. मेंटेनन्स ब्रेकडाऊनच्या आधीच करायचा असतो, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला हवं का?