हायस्कूलमधील इंग्रजी आणि गणित : कशासाठी आणि कसे?

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात आघाडीवर असते. मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा ९९.०१ टक्के लागला. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु उत्तीर्ण होणे वेगळे आणि पुढील शिक्षणाचा पाया पक्का होणे वेगळे. २०१० च्या परीक्षेपासून दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर काढली जाते. त्यामुळे ज्या विषयात मूल सर्वांत कच्चे आहे, तो विषय टक्केवारीत दिसतच नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हा विषय बहुधा गणित किंवा इंग्रजी असतो. म्हणून या दोन विषयांचे महत्त्व पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या शिरोड्याला शिक्षणाचा वारसा आहे. थोर साहित्यिक वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या नावातील 'इंग्लिश' हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या काळी मराठी शाळा म्हणजे प्राथमिक शिक्षण आणि इंग्रजी शाळा म्हणजे हायस्कूल. मराठी शाळेवर थांबणाऱ्याची वाट गावातल्या किरकोळ नोकरीपर्यंत जाई. मॅट्रिक होणाऱ्यास कॉलेजचे दार उघडे होई. ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावरही बसू दिले जात नव्हते, त्याला हे दार किती दूर होते ते सांगावयास नको.

हा भेद आपल्या महापुरुषांनी अचूक ओळखला होता. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या आपल्या काव्यसंग्रहातूनच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत हिशेब शिकवावा अशी मागणी होती. ज्याला हिशेब येत नाही त्याला सावकार व कारकून लुबाडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडून वडील रामजी सुभेदार यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतरमाला घरीच करून घेतली. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या साक्षीला आकड्यांचे ज्ञान आणि इंग्रजीवरील प्रभुत्व ही दोन्ही शस्त्रे लागली.

गणित हा साखळीसारखा विषय आहे. इतिहासाचा एक धडा चुकला तरी पुढचा समजतो. गणितात तसे होत नाही. पाचवी-सहावीत अपूर्णांक कच्चे राहिले की सातवीत गुणोत्तर अडते, आठवीत समीकरण अडते आणि दहावीत वर्गसमीकरण व त्रिकोणमिती पाठ करण्यापलीकडे इलाज उरत नाही. म्हणून नववीत 'मला गणित येत नाही' म्हणणाऱ्या मुलाची बुद्धी कमी नसते. त्याची मागची एखादी कडी तुटलेली असते. ती शोधून जोडली तर मूल पुढे जाते.

व्यवहारातील एक उदाहरण पाहू. रिक्षासाठी कुणी १ लाख रुपये कर्ज घेतले, व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षे. संपूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे सरसकट व्याज लावले तर ते ३६,००० रुपये होते. पण दर महिन्याला हप्ता फेडल्यावर उरलेल्या रकमेवरच व्याज लावले तर ते सुमारे १९,६०० रुपये होते. टक्के दोन्हीकडे बाराच! फरक सोळा हजारांहून अधिक. हा फरक ज्या कागदावर लिहिलेला असतो तो पुष्कळदा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो. गणित येऊन इंग्रजी न आले, किंवा इंग्रजी येऊन गणित न आले, तरी सही करणारा फसतोच.

इंग्रजीविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. इंग्रजी शिकणे म्हणजे मराठी सोडणे नव्हे. मातृभाषेत ज्याचे विचार स्पष्ट असतात तोच दुसरी भाषा नीट शिकतो. महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळांत पाचवीपासून इंग्रजी होते. जून २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. तरीही दहा वर्षे शिकून मुलाला साधा अर्ज लिहिता येत नसेल, तर दोष माध्यमाचा नसून सवयीचा आहे. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज आजही प्रामुख्याने इंग्रजीत चालते. आपल्या हक्काचा निकाल आपल्यालाच वाचता येऊ नये, ही स्थिती बदलली पाहिजे.

पुढील वाटांचाही विचार करा. आयटीआयमध्ये कार्यशाळा गणित शिकावे लागते. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात जायचे तर पहिल्याच वर्षी गणित समोर उभे राहते. बँकांच्या लिपिक भरतीच्या पूर्वपरीक्षेत १०० पैकी ६५ गुण इंग्रजी व अंकगणिताला असतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. गोव्यात मोपा येथे विमानतळ सुरू झाला. तेथील हॉटेल आणि कार्यालये आपल्या मुलांना इंग्रजीतूनच प्रश्न विचारतात. आरक्षणामुळे प्रवेशाचे दार उघडते, तो आपला घटनात्मक हक्क आहे. परंतु आत गेल्यावरची परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. प्रवेश मिळूनही पहिल्या वर्षी नापास होऊन मूल घरी परतले, तर त्या घराचे नुकसान होतेच आणि धाकट्या भावंडांचीही उमेद खचते.

यासाठी फार पैसा लागत नाही. विद्यार्थ्यांनी रोज पाच गणिते पुस्तक मिटून सोडवावीत. इंग्रजीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि त्याचा आशय स्वतःच्या चार वाक्यांत लिहावा. शब्दकोश जवळ ठेवावा. ज्या पालकांचे शिक्षण अपुरे राहिले त्यांनीही वही उघडून तारीख पाहावी. आज काम झाले की नाही हे कळण्यास इंग्रजी यावे लागत नाही. मुलींना पाणी, भांडी आणि धाकटी भावंडे यांतून अभ्यासाचा तास राखून द्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीत आठवी-नववीच्या मुलांचे अपूर्णांक व समीकरणे पक्की करून घ्यावीत. संध्याकाळी समाजमंदिराचा दिवा त्यासाठी लावता येईल.

निकालाच्या दिवशी टक्के विचारण्यापूर्वी, 'गणितात किती आणि इंग्रजीत किती?' हे दोन प्रश्न आपण प्रत्येक मुलाला विचारू या. उत्तर कमी आले तर त्याला रागावू नये. त्याच संध्याकाळी त्याच्याजवळ बसावे.